उजवीकडची वाटी

पान्याच्या शेपटीत चार फुटी पाइप अडकवला होता आणि त्या पाइपवर मी सगळं अंग टाकलं होतं. पांडूने फ्रेम दोन्ही हातांनी दाबून धरली होती. वाटी काही केल्या हलेना. मग नखभर हलली. मी खूश झालो.

“अण्णा,” पांडू म्हणाला, “ती बाहेर येते की आत जाते?”

“तू फ्रेम धर. बोलू नको.”

मी आणखी एक हिसका दिला. कड् असा आवाज झाला, पाइप सुटला आणि मी तोंडावर आपटलो. उठून बघतो तर वाटीची कड तडकून चीर थेट आतपर्यंत गेलेली. ओठातून रक्त येत होतं, पण ते मला नंतर कळलं.

ही गोष्ट कुंभकोणमची. पाँडिचेरीतले फ्रेंच आपलं चंबूगबाळं आवरत होते त्या सुमाराची. मी तेव्हा तिशीचा होतो आणि मोठ्या बाजाराजवळच्या एका सायकल दुकानात मेकॅनिक होतो. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या पदरी होते, असं आमच्या घरी रोज सांगितलं जाई. त्यांचा वंशज पंक्चर काढतो, हेही रोजच सांगितलं जाई. मला त्याचं काही वाटत नसे. सायकल म्हटली की माझ्या अंगात वारं शिरायचं.

पांडुरंग आमच्याच मराठी मंडळींपैकी. विठ्ठलाच्या भजनात मृदंग वाजवायचा. हात सोन्याचे, पण मृदंगावर घर चालत नाही. बायकोला सातवा महिना लागला होता. पोस्टात तार पोचवणाऱ्या शिपायाची एक जागा निघाली, तिला याने अर्ज केला. अर्जांची चाळण होऊन दोघे उरले: पांडू आणि वेलायुदम. वयाची अट पांडूला पुढच्या वर्षी आडवी येणार होती. म्हणजे ही संधी गेली की सरकारी नोकरी कायमची गेली.

शिपायाकडे स्वतःची सायकल हवी, हा पोस्टाचा नियम. दोघांतला एक निवडायला पोस्टमास्तरांनी सोपा उपाय काढला होता. सोमवारी सकाळी दोघांना एकेक पाकीट द्यायचं. सायकलने शेजारच्या नाचियार्कोविल गावाला जायचं, तिथल्या पोस्टात सही घ्यायची, परत यायचं. जो आधी येईल त्याची नेमणूक.

वेलायुदमने त्यासाठी नवी कोरी काळी इंग्लिश सायकल घेतली होती. तीही आमच्याच दुकानातून. आणि पांडू एक गोणपाट घेऊन आला.

गोणपाटात फ्रेंच रेसिंग सायकल होती. म्हणजे होती असं म्हणायचं. पांडूचा मामा पाँडिचेरीत एका फ्रेंच साहेबाकडे स्वयंपाकी होता. साहेबाने जाताना अडगळीतली सायकल मामाला दिली आणि मामाने भाच्याला. फ्रेम, पुढच्या चाकाचा चिमटा, दोन क्रँक, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. चाकं नाहीत, चेन नाही, सीट उंदरांनी खाल्लेली. मी फ्रेम एका बोटावर उचलली आणि बोटावर उचलली गेली! आमच्या दुकानातली फ्रेम उचलायला मूठ लागायची. टिचकी मारली तर घंटेसारखी वाजली. असं पोलाद मी तोवर हातात धरलं नव्हतं.

“पांडू,” मी म्हणालो, “चाकं मी उभी करतो. ही सायकल पळणार.”

दुकानाचे मालक गल्ल्यावरून ऐकत होते. त्यांना आम्ही सगळे मुदलाळी म्हणायचो, म्हणजे मालकच. ते म्हणाले, “राव, माझी नवी सायकल विकून झाली आहे. आता तिच्याविरुद्ध तुम्ही माझ्याच दुकानात भंगार उभं करणार?”

“मुदलाळी, हे भंगार नाही.”

“ठीक आहे. हे हरलं तर यापुढे माझ्या दुकानात गोणपाट येणार नाही. कबूल?”

मी कबूल म्हणालो. अर्ध्या तासात वाटी फोडली.

आता ही वाटी म्हणजे काय ते सांगतो. दोन्ही पायडलांच्या मधोमध फ्रेमला एक आडवी आखूड नळी असते. तिच्यातून क्रँकचा दांडा जातो. नळीच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात आणि त्यांत पोलादाची एकेक वाटी पिळून बसवतात. वाटीत छर्रे बसतात आणि छऱ्यांवर दांडा फिरतो. सायकलस्वाराचा सगळा जोर या दोन वाट्यांतून जातो.

यातली उजवीकडची वाटी उलट्या आट्यांची असते. जगातली बहुतेक प्रत्येक पिळायची वस्तू उजवीकडे फिरवली की घट्ट होते, ही डावीकडे. कारण पायडल मारता मारता तिथला जोर वाटीला हळूहळू फिरवतो. आटे सरळ असतील तर तो ती सैल करतो. मी दहा वर्षं इंग्लिश सायकली खोलत होतो. उजवीकडची वाटी उलटी, हे माझ्या हाताला झोपेतही ठाऊक होतं.

फ्रेंचांनी दोन्हीकडे सरळच आटे दिले होते. मी सैल करतोय असं समजून ती वाटी चार फुटी पाइपने आवळत होतो. पांडूला मृदंगाशिवाय काही कळत नव्हतं, पण त्याला डोळे होते. आत जाते की बाहेर येते, हे त्याने नुसतं बघून विचारलं. आणि मी त्याला गप्प केलं.

छिन्नीने ठोकून तुकडे बाहेर काढले. पांडूने ते एकेक करून उचलले. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

“अण्णा, दुसरी मिळेल की,” शेवटी तोच म्हणाला.

मिळणार कुठून? इंग्लिश वाट्यांनी आमचं कपाट भरलं होतं. एक घालून बघितली. दोन आटे गेली आणि अडकली. इंग्लिश वाटीच्या एका इंचात चोवीस आटे आणि फ्रेंचांचा कारभार मिलिमीटरचा. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण लोखंडाला कळतो. पाँडिचेरीला तार केली. फ्रेंच सायकलींचं तिथलं एकमेव दुकान बंद झालं होतं. मद्रासहून माल यायला पंधरा दिवस. आमच्याकडे सहा होते.

त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. आई देवापुढे दिवा लावत होती. आमचा दिवा नाचियार्कोविलचा, पितळेचा, कमरेएवढा. तेल घालण्याआधी आईने तबक पिळून काढलं, पुसलं आणि परत पिळून बसवलं.

मी ताडकन उठलो. तो दिवा आटे पाडून जोडलेला होता! खाली बैठक, मधे खांब, वर तबक, त्याच्यावर हंस. सगळे भाग एकमेकांत पिळलेले. लहानपणापासून रोज बघत होतो आणि कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने नाचियार्कोविल गाठलं. तिथे सोमसुंदरम आसारी म्हणून दिवे घडवणारे होते. साठीचे, अंगाने काटक, बोटं काळी. मी तुटलेल्या वाटीचे तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते उन्हात धरून फिरवले.

“आटे बारीक आहेत. पाडता येतील. जोडीदार कुठे आहे?”

“जोडीदार?”

“हे ज्यात बसतं ते. पोरा, खांब आणल्याशिवाय मी तबकाचे आटे पाडू का?”

“आसारी, माप आहे ना. पस्तीस मिलिमीटर, आणि...”

ते हसले. “माप इंग्रजांना हवं. त्यांना एका कारखान्यातली वाटी दुसऱ्या कारखान्यात बसवायची असते. आमचे आटे मापाचे नसतात, जोडीचे असतात. जोडीदार घेऊन ये.”

मी मुकाट परत गेलो आणि पुढच्या दिवशी फ्रेम खांद्याला अडकवून बसमध्ये चढलो. बसच्या टपावर विड्याच्या पानांच्या टोपल्या रचलेल्या होत्या, तिथे जागा नव्हती. आत कंडक्टर तापला.

“हे काय आहे?”

“सायकल.”

पुढच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. ती वळून म्हणाली, “सायकल आहे तर बसने का जातोस, राजा?”

“पाट्टी,” मी त्या आजीला म्हणालो, “तिला चाकं नाहीत.”

“मग सायकल आहे असं का सांगतोस?”

सगळी बस हसली. कंडक्टरही हसला आणि मला उभं राहू दिलं. फ्रेम गळ्यात घालून मी सगळा रस्ता उभा होतो.

आसारींनी नळीत करंगळी घातली. डोळे मिटून बोट आतल्या आट्यांवरून फिरवलं. एकदा, दोनदा. “सरि,” ते म्हणाले, म्हणजे ठीक. झालं.

मग माझी एक शंका होती. पितळ मऊ असतं, पोलादी छर्रे त्यात खड्डे पाडणार. त्यावर मी रात्रभर विचार केला होता. आमच्याकडे जुन्या कॅरियर सायकलींचे हब पडून होते. हब म्हणजे चाकाचा मधला भाग. त्यातल्या पोलादी वाट्यांना आटे नसतात, नुसत्या ठोकून बसवलेल्या असतात. तसली एक मी काढून आणली होती.

“बाहेरचं कडं तुमच्या धातूचं,” मी म्हणालो, “आणि आत ही पोलादाची ठोकून बसवू. आटे तुमचे, छर्रे माझे.”

आसारींनी वाटी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला पाणी विचारलं. “नुसतं पितळ नको,” ते म्हणाले. “कथील वाढवतो. घंटेला वापरतात तसं करू. कडक होईल.”

आजूबाजूला सगळीकडे नदीच्या गाळाची मऊ माती होती. त्या मातीच्या साच्यात त्यांनी कडं ओतलं. थंड झाल्यावर लाकडी चरकावर चढवलं. एक माणूस दोरी ओढून चरक फिरवत होता आणि आसारी दातेरी पोलादी पट्टी हातात धरून आटे पाडत होते. ना गेज, ना भिंग. दर थोड्या वेळाने कडं काढायचे, नळीत फिरवून बघायचे, परत चरकावर. माझा श्वास त्यांच्या हाताबरोबर थांबत होता. सहाव्यांदा त्यांनी कडं नळीला लावलं आणि ते दोन बोटांनी फिरत फिरत आत गेलं, शेवटच्या आट्यापर्यंत. मी टाळी वाजवली! चरकवाल्यानेही वाजवली. आसारी रागावल्यासारखं करून म्हणाले, “दिवा झाला की कोणी टाळ्या वाजवत नाही.”

शनिवारी सायकल उभी राहिली. चाकं आमच्याच दुकानातली. ती या फ्रेमला जरा मोठी पडत होती, म्हणून मडगार्ड लावलेच नाहीत. टायर आणि फ्रेममध्ये कागद जाईल एवढी जागा उरली. घंटी लावली, दिवा लावला. पांडू वाकून हँडलवर बसला आणि महामहम तलावाभोवती फेऱ्या मारू लागला. काय पळत होती ती सायकल! मी कट्ट्यावर उभा राहून ओरडत होतो. आंघोळ करणारे लोक माझ्याकडे बघत होते. मुदलाळीसुद्धा दुकान सोडून आले होते, पण भाजी घ्यायला आलो असं म्हणत होते.

बाराव्या फेरीला पांडू थांबला. “अण्णा, खाली काहीतरी डगडगतंय.”

उजवीकडचं कडं पाव फेरा बाहेर आलं होतं.

अर्थात! सरळ आटे. पायडलचा जोर ते सैल करणारच. याच कारणाने इंग्रजांनी तिथे उलटे आटे दिले होते आणि याच कारणाने मी वाटी फोडली होती. फ्रेंचांनी तसं का केलं नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी कडं आवळलं. दहा फेऱ्यांनी पुन्हा सैल. आणखी आवळलं. पुन्हा सैल. नाचियार्कोविलला जाऊन परत यायचं म्हणजे तलावाच्या असल्या किती फेऱ्या झाल्या, हे मोजायची छाती झाली नाही.

“राव,” मुदलाळी हळूच म्हणाले, “गोणपाट ते गोणपाट.”

मला इतका संताप आला की मी पाना कट्ट्यावर आपटला. पांडू तोंड धुवायला पायऱ्या उतरून गेला आणि बराच वेळ वर आला नाही. तेव्हा मात्र मला माझी लाज वाटली. माझ्यासाठी ही मजा होती. त्याच्यासाठी घर होतं.

रविवारी पुन्हा नाचियार्कोविल. या वेळी सायकलवर. तीन ठिकाणी थांबून कडं आवळलं. आसारींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू वात घातली नाहीस?”

“वात?”

“देवळात दिवा वरून धरून उचलतात. खांब हातात फिरला तर गरम तेल पुजाऱ्याच्या पायावर. म्हणून आट्यांत वातीचा धागा घालतो, राळेत बुडवून. मला वाटलं तुला ठाऊक असेल. तू मेकॅनिक ना?”

आमच्या धंद्यात आट्यांत धागा घालणं म्हणजे काम येत नाही याची कबुली. एरवी मी भांडलो असतो. त्या दिवशी सायकल त्यांच्यापुढे आडवी केली. त्यांनी राळ वितळवली, कापसाचा धागा तीत भिजवला, आट्यांच्या खाचेतून ओढून गुंडाळला आणि राळ गरम असतानाच कडं पिळून बसवलं. “आता हे माझ्या नातवालाच निघेल,” ते म्हणाले.

सोमवारी पोस्टासमोर निम्मा बाजार जमला होता. पोस्टमास्तरांनी दोन्ही सायकली तपासल्या. वेलायुदमच्या सायकलपुढे मान हलवली. आमच्या सायकलपुढे थांबले.

“हे हँडल उलटं बसवलंय.”

“सर, ते तसंच असतं,” मी म्हणालो.

“माणूस पडेल.”

“नाही सर. वाकेल.”

वेलायुदम मनाने चांगला होता. त्याने पांडूला विचारलं, “मडगार्ड नाही, शेण उडेल अंगावर. चालेल ना?” पांडू म्हणाला, “चालेल.” आणि दोघे सुटले.

पहिल्या वळणापर्यंत वेलायुदम पुढे होता. नंतर दिसेनासे झाले.

वाट बघण्यासारखं वाईट काम नाही. मी तीन कॉफ्या प्यालो. मुदलाळींनी दोन घेतल्या, आणि भाजी घ्यायला आलो हे सांगायचं विसरले. दर बैलगाडी मला सायकल वाटत होती. कानात सारखा तो डगडग आवाज येत होता.

तिकडे काय झालं ते पांडूने नंतर सांगितलं. नाचियार्कोविलच्या पोस्टात तो आधी पोचला, सही घेऊन बाहेर आला, तर आसारी सायकलपाशी उकिडवे बसलेले. तळहात कड्यावर ठेवला होता. पांडूला घाई, पण म्हाताऱ्याला दूर कसं लोटायचं? आसारींनी डोळे मिटले, क्रँक एकदा मागे फिरवली आणि म्हणाले, “गरम नाही. हललं नाही. जा!” आणि पाठीत अशी थाप मारली की पांडू म्हणतो, पहिला फर्लांग त्या थापेवरच गेला.

इकडे रस्त्याच्या टोकाला एक ठिपका दिसला.

“कोण?” मुदलाळींनी माझा दंड पकडला. “राव, कोण आहे?”

ठिपका मोठा झाला. चाक दिसलं, खांदे दिसले. डोकं दिसेना. वेलायुदम सायकलवर काठीसारखा ताठ बसायचा, त्याचं डोकं मैलभरावरून दिसलं असतं. डोकं दिसत नाही म्हणजे माणूस वाकलेला आहे! मी ओरडलो, “पांडू!” माझ्याआधी मुदलाळी ओरडले होते. ज्याने नवी सायकल विकली तो माणूस धोतर वर धरून रस्त्यात नाचत होता.

पांडू आला. पाठीवर मानेपर्यंत शेणाची रेघ. पाकीट मात्र कोरडं, शर्टाच्या आत. पोस्टमास्तरांनी सही बघितली, घड्याळ बघितलं, हँडल पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाले, “उद्यापासून या. आणि मडगार्ड लावा.”

पांडू तिथेच पायरीवर बसला आणि रडला. मीही रडलो. वेलायुदम आला तेव्हा त्याने आधी पाणी मागितलं आणि मग पांडूचा हात धरला. दुसऱ्या आठवड्यात मुदलाळींनी त्याला दुकानात कामाला घेतलं. त्याची सायकल मीच वर्षानुवर्षं बघत आलो.

पांडूने त्या सायकलवर वीस वर्षांहून जास्त तारा पोचवल्या. मुलगी झाल्याची बातमीही त्याच सायकलवरून आम्हाला सांगायला आला, आणि तेवढी एक बातमी त्याने पाकिटाशिवाय आणली. चेन चार वेळा बदलली, टायर किती ते आठवत नाही. कडं कधी हललं नाही.

या सगळ्यातून मी एक धडा घेतला. गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला की हातातला पाना खाली ठेवावा आणि मग उत्तर द्यावं. धडा सोपा आहे. हाताला मात्र तो पोचत नाही.

कारण पांडू निवृत्त व्हायच्या आधी एकदा सायकल ओव्हरहॉलिंगला घेऊन आला. मुदलाळी तेव्हा नव्हते, दुकान मीच बघत होतो. आत ग्रीस भरायचं होतं. मी कड्याला पाना लावला, शेपटीत पाइप अडकवला आणि जुन्या सवयीने अंग टाकलं. हललं नाही. आणखी जोर लावला. पांडूचे केस पांढरे झाले होते, फ्रेम मात्र त्याने तशीच दोन्ही हातांनी धरली होती.

“अण्णा,” तो म्हणाला, “ती बाहेर येते की आत जाते?”

मी पाना खाली ठेवला. ग्रीस डावीकडची वाटी काढून भरलं.